गोदाम भरले, कळवायचे कोणाला?

प्रशासनातील काही प्रश्न दर पिढीत नव्या वेषात येतात, आणि दर पिढीला वाटते की हा प्रश्न प्रथम आपल्याच वाट्याला आला. ई-मेलची पेटी भरली की ती वापरणाऱ्याला कसे कळवावे, हा असाच एक प्रश्न. वरवर पाहता तो संगणकतज्ज्ञांचा आहे. परंतु थोडे खोलात गेले तर तो जुना प्रशासकीय प्रश्नच निघतो. दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात आली आहे, ठेवायची जागा मर्यादित आहे आणि ती संपत आली आहे. अशा वेळी ताबेदाराने मालकाला केव्हा कळवावे, कोणत्या मार्गाने कळवावे, आणि कळविल्याखेरीज काय करू नये? जिथे जिथे परक्याचा माल सांभाळला जातो तिथे हा प्रश्न उठतो. तो समजून घ्यायला एखाद्या गोदीसारखी दुसरी शाळा नाही. म्हणून या लेखात मी वाचकांना कोलकात्याच्या खिदिरपूरला नेणार आहे.

मुंबईचे बंदर समुद्रावर आहे. कोलकात्याचे बंदर नदीवर, समुद्रापासून दोनशे किलोमीटरांहून अधिक आत. हुगळीची भरती-ओहोटी, तिचा गाळ आणि तिची वळणे सांभाळून जहाज आत आणायचे म्हणजे कसबाचे काम. त्यामुळे इथे जहाज येत असल्याची बातमी जहाजाच्या आधी पोहोचणे फार मोलाचे होते. विल्यम ओशॉनेसी यांच्या देखरेखीखाली कोलकाता ते डायमंड हार्बर ही हिंदुस्थानातील पहिली तारायंत्राची ओळ उभी राहिली आणि १८५१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कामाला लागली. ती याच नदीच्या वाटेवर असावी यात नवल नाही. व्यापाराला सर्वांत आधी लागते ती सूचना.

खिदिरपूरच्या परिसरात जहाजबांधणी अठराव्या शतकापासून होती. शेजारचे वॉटगंज आजही कर्नल हेन्री वॉटसन या गोदी बांधणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव वागवीत आहे. १७ ऑक्टोबर १८७० रोजी बंदराचा कारभार पाहण्यासाठी कोलकाता पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली आणि १८९२ मध्ये खिदिरपूरची गोदी खुली झाली. दरवाजे लावून आत पाणी अडविलेली ही गोदी. बाहेर नदी चढो की उतरो, आत जहाज एका पातळीवर उभे राहून माल उतरवू शकते.

आता गोदीच्या अर्थकारणातील एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी. जहाज थांबू शकत नाही. त्याचा प्रत्येक दिवस पैशांचा असतो, म्हणून माल चटकन उतरवून धक्क्यावरच्या शेडमध्ये ठेवला जातो. मालाचा मालक मात्र तिथे उभा नसतो. तो बिहारात असेल, आसामात असेल, संयुक्त प्रांतात असेल किंवा नेपाळात असेल. या साऱ्या मुलखाचा समुद्रमार्ग कोलकात्याहूनच जात असे. मालक दूर, माल गोदीत, आणि नवे जहाज दारात. एकाने माल उचलला नाही तर दुसऱ्याचा माल ठेवायला जागा उरत नाही. म्हणजे मालकाची दिरंगाई ही त्याची खाजगी बाब राहत नाही, ती साऱ्या बंदराची अडचण होते.

यावर बंदरांनी काढलेला पहिला उपाय म्हणजे चढता आकार. माल उतरल्यावर काही दिवस फुकट, त्यानंतर डेमरेज, आणि दिवस वाढतील तसा त्याचा दर वाढत जाणारा. डेमरेज हा दंड तर आहेच, पण ती सूचनाही आहे. वाढते बिल मालकाला सांगत असते की जागा आता महाग होत चालली आहे.

एवढ्यानेही मालक हलला नाही तर पुढे लिलाव. आणि इथे कायद्याने जी काळजी घेतली ती आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १९६३ चा मेजर पोर्ट ट्रस्ट्स अ‍ॅक्ट कोलकात्याला १९७५ पासून लागू झाला. त्याचे ६२ वे कलम असे सांगत असे की ताब्यात आलेला माल महिनाभरात नेला नाही, आणि मालकाचा पत्ता ठाऊक असेल, तर त्या पत्त्यावर पत्राने नोटीस बजावता येईल. तशी बजावणी झाली नाही किंवा पत्ताच ठाऊक नसेल, तर पोर्ट गॅझेटमध्ये आणि किमान एका प्रमुख स्थानिक दैनिकात ती छापता येईल. नोटिशीत दोन गोष्टी असत: माल ताबडतोब न्या, आणि न नेल्यास तो विकला जाईल. थकलेल्या आकारापोटी विक्री करायची तर ६१ व्या कलमानुसार दोन महिने थांबावे लागे, शिवाय विक्रीपूर्वी दहा दिवसांची जाहीर सूचना द्यावी लागे. जनावरे, नाशवंत आणि धोकादायक माल यांना वेगळी, लहान मुदत. विक्रीतून देणी भागवून उरलेली रक्कम मालकाने मुदतीत अर्ज केल्यास त्याला परत. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचे ४८ वे कलमही याच धर्तीचे आहे. तीस दिवसांत न सोडविलेला माल विकण्यापूर्वी आयातदाराला नोटीस हवी.

२०२१ मध्ये मेजर पोर्ट अथॉरिटीज अ‍ॅक्टने १९६३ च्या कायद्याची जागा घेतली. तत्पूर्वी २०२० मध्ये या बंदराला श्यामाप्रसाद मुखर्जी यांचे नाव दिले गेले होते. पण जुन्या कलमांतील शहाणपण त्यामुळे शिळे होत नाही. त्यातून तीन सूत्रे निघतात. सूचना नुकसानीच्या आधी दिली पाहिजे. जो कृती करू शकतो त्याला, म्हणजे मालकाला, ती दिली पाहिजे. आणि एक वाट बंद असेल तर दुसरी वाट धरली पाहिजे.

हा कायदा अगदी निर्दोष होता असे मात्र नाही. ६१ व्या कलमातच अशी तरतूद होती की मालकाला पत्र पाठवायचे राहून गेले तरी प्रामाणिकपणे खरेदी करणाऱ्याचा हक्क बाधित होणार नाही. व्यवहाराच्या स्थैर्यासाठी ती आवश्यक असेल, पण मालकाच्या दृष्टीने पत्राचे संरक्षण त्यामुळे कच्चे झाले. सूचनेचे कर्तव्य कागदावर असणे आणि ते चुकल्यास कोणालातरी जाब द्यावा लागणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. हा फरक पुढे ई-मेलच्या बाबतीत फार मोठा होणार होता.

गोदीखेरीज इतर खात्यांनीही अशाच वाटा आखल्या होत्या. दिवाणी न्यायालयाचा बेलीफ पक्षकार न सापडल्यास समन्सची प्रत दारावर डकवतो आणि कोणत्या परिस्थितीत डकवली याचा अहवाल लिहून मूळ प्रत न्यायालयाला परत करतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १५० व्या कलमानुसार तलाठ्याने फेरफाराच्या नोंदीची प्रत चावडीत लावायची असते, आणि हितसंबंधितांना लेखी कळवायचेही असते. टपाल खात्यात बटवडा न झालेले पत्र रिटर्न्ड लेटर ऑफिसात जात असे, आणि पाठविणाऱ्याचा पत्ता शोधण्यासाठी ते उघडणारा अधिकारी गुप्ततेच्या बंधनाने बांधलेला असे. या सर्वांत एक समान धागा आहे. निरोप पोहोचला नाही तर त्याचे अपयश कोणाच्या तरी टेबलावर परत येत असे, आणि त्या माणसाला त्याचे काहीतरी करावे लागे.

आता ई-मेलकडे वळू. १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपी ही नियमावली लिहिली, तीत जागा संपल्याची दखल होतीच. ठरवून दिलेली साठवण ओलांडली गेल्यास ५५२ हा क्रमांक, आणि यंत्रणेतच जागा अपुरी असल्यास ४५२. पण हे क्रमांक कोणाला सांगितले जातात? निरोप घेऊन आलेल्या संगणकाला, म्हणजे पर्यायाने पाठविणाऱ्याला. ज्याची पेटी भरली त्याला या संभाषणातले अक्षरही ऐकू येत नाही. गोदीच्या भाषेत सांगायचे तर शेड भरल्याचे कप्तानाला सांगून जहाज परत पाठविले, आणि ज्याच्या मालाने शेड अडली त्याला काहीच कळविले नाही.

पुढे १९९६ मध्ये अपयशाची कारणे अधिक नेमकी सांगणारी सांकेतिक यादी आली. तीत ‘पेटी भरली’ या कारणाला स्वतंत्र स्थान मिळाले आणि त्याबरोबर एक समंजस टीपही: मालक जुनी पत्रे काढून जागा करू शकतो, म्हणून हे अपयश तात्पुरते मानावे. तात्पुरते मानले की पाठविणारा संगणक पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, आणि हा प्रयत्न साधारण चार-पाच दिवस तरी चालू ठेवावा असा संकेत आहे. ही ई-मेलची फुकट मुदत म्हणावी. पण या मुदतीचा उपयोग मालकाला ती चालू असल्याचे कळले तरच. त्यासाठी दुसऱ्या नियमावलीत सोय झाली. पेटी वाचण्याच्या आयमॅप पद्धतीच्या १९९६ च्या मसुद्यात असे बंधन आहे की सर्व्हरने ‘अ‍ॅलर्ट’ म्हणून पाठविलेला मजकूर वापरणाऱ्याच्या नजरेस पडेल असाच दाखविला पाहिजे. जानेवारी १९९७ मध्ये उरलेली जागा विचारण्याची रीत आली, आणि २०२२ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती. म्हणजे साधने होती. ती वापरायची की नाही हे प्रत्येक सेवा चालविणाऱ्याच्या मर्जीवर राहिले.

या साऱ्याचा चटका घराबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला अधिक बसला. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केले, आणि पहिल्या शहरांत मुंबईबरोबर कोलकाताही होते. ४ जुलै १९९६ रोजी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांचे हॉटमेल आले. पेटी दोन मेगाबाइटची. ई-मेलमधून चित्र पाठवायचे तर त्याचे अक्षरांत रूपांतर होते आणि तीन भागांचे चार भाग होतात. तीनशे किलोबाइटचे छायाचित्र चारशेचे झाले, आणि बारशाची अशी पाच छायाचित्रे आली की पेटी भरली. त्यात मराठीची आणखी एक अडचण. युनिकोड रुळण्यापूर्वी एका संगणकावरचा मराठी फाँट दुसऱ्यावर उमटत नसे. मग घरची मंडळी पत्र लिहून, स्कॅन करून, चित्र म्हणून पाठवीत. इंग्रजीत दोन किलोबाइटांत मावणारी खुशाली मराठीत शेकडो किलोबाइट खाई. न्यू जर्सीत मुलगी झोपलेली असताना पुण्याहून आलेले पत्र परत फिरे, आणि आईच्या हाती ‘मेलर-डीमन’ नावाच्या कोणा अनोळखी इसमाचे इंग्रजी पत्र पडे. त्याचा अर्थ लावण्याची सोय तिच्याकडे नसे.

१ एप्रिल २००४ रोजी गूगलने एक गिगाबाइटची पेटी देऊ केली आणि सर्वांना वाटले की हा प्रश्न कायमचा मिटला. तो मिटला नाही, लांबणीवर पडला. २०१३ मध्ये पत्रे, कागदपत्रे आणि छायाचित्रे यांची मिळून पंधरा गिगाबाइटची एकच जागा झाली. त्यामुळे आज फोनवरची छायाचित्रे आपोआप साठत जातात, सामाईक जागा संपते, आणि पत्रे येणे थांबते. वापरणाऱ्याला वाटते की कोणी पत्र पाठविलेच नाही. गोदीत निदान शेड भरल्याचे डोळ्यांना दिसे. इथे रिकामेपणा आणि तुडुंब भरलेपणा बाहेरून सारखाच दिसतो. नवे पत्र आले नाही, एवढेच.

खाजगी कंपन्यांनी अलीकडे गोदीचे काही नियम नकळत पुन्हा शोधले आहेत, हे मान्य केले पाहिजे. गूगलच्या २०२१ पासूनच्या धोरणानुसार सलग दोन वर्षे मर्यादा ओलांडलेली राहिली तर साठविलेले साहित्य काढून टाकले जाऊ शकते. डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढण्यास त्यांनी सुरुवात केली, पण त्याआधी त्या खात्यावर आणि मालकाने दिलेल्या दुसऱ्या पत्त्यावरही सूचना पाठविण्याचे ठरविले. दोन वाटा, आणि नुकसानीआधी. ६२ व्या कलमाचीच ही आठवण आहे.

मग उणीव कुठे आहे? ती प्रामुख्याने आपल्या सरकारी कार्यालयांत आहे, आणि प्रशासकाने ती स्पष्टपणे सांगितली पाहिजे.

माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अंमलात आला. तारखेचा योगायोग असा की कोलकाता पोर्ट ट्रस्टच्या स्थापनेला त्याच दिवशी १३० वर्षे झाली. या कायद्याचे १३ वे कलम सांगते की पत्त्याच्या धन्याने एखादी संगणक-पेटी नेमून दिली असेल, तर लेख त्या पेटीत शिरला की तो मिळाला असे मानावे. ‘शिरला’ हा शब्द मोलाचा आहे. पेटी भरलेली असेल आणि निरोप दारातून परत फिरला असेल, तर तो शिरलाच नाही, आणि माझ्या वाचनानुसार तो मिळाला असे म्हणता येणार नाही. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या २७ व्या कलमात नोंदणीकृत टपालाने योग्य पत्त्यावर पाठविलेले पत्र बजावले गेले असे गृहीत धरले जाते, पण तेही उलट सिद्ध होईपर्यंतच. १० जुलै २०२० रोजी, महासाथीच्या काळात, सर्वोच्च न्यायालयाने नोटिसा ई-मेलने आणि मोबाइलवरील संदेशसेवांनी बजाविण्यास परवानगी दिली, तेव्हाही संदेशसेवा वापरल्यास त्याच दिवशी ई-मेलही पाठविलाच पाहिजे असे बजावले. दोन वाटांचा आग्रह तिथेही आहे.

व्यवहारात काय होते? कार्यालय एका अशा पत्त्यावरून हजारो नोटिसा पाठविते, ज्याच्याखाली लिहिलेले असते की कृपया यास उत्तर देऊ नये. त्या पत्त्यावर परत आलेले पत्र कोणी उघडतच नाही. जावक बारनिशीत ‘पाठविले’ अशी नोंद होते आणि फाइल पुढे सरकते. बेलीफाचा अहवाल नाही, रिटर्न्ड लेटर ऑफिस नाही, पोस्टमनचा ‘मालक राहत नाही’ हा शेरा नाही. अपयश परत येते, पण ते घ्यायला दारात माणूस नसतो. १ सप्टेंबर २०२५ पासून नोंदणीकृत टपाल ही स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, आणि कागदी बजावणीची सवय दिवसेंदिवस कमी होणार आहे. अशा काळात या रिकाम्या दाराची चिंता वाढली पाहिजे.

नुकसान कोणाचे होते हेही पाहावे. मुलाखतीचे बोलावणे न मिळालेल्या उमेदवाराचे. करनिर्धारणाची सुनावणी एकतर्फी झालेल्या छोट्या दुकानदाराचे. आणि गावी सामाईक जमीन असलेल्या, पण कोलकात्यात, बडोद्यात किंवा टोरांटोत राहणाऱ्या माणसाचे. चावडीवर लावलेली प्रत त्याला दिसणार नाही. त्याला लेखी कळविणे हाच त्याचा एकमेव आधार, आणि ते लेखी कळविणे भरलेल्या पेटीवरून परत फिरले तर हरकतीची मुदत निघून जाते. ज्याच्यापाशी दुसरी वाट नाही, त्याच्यासाठीच सूचनेचे नियम असतात.

यात भर म्हणजे लबाडांची. ‘आपली पेटी भरली आहे, येथे क्लिक करा’ हा फसवणुकीचा अत्यंत प्रचलित नमुना आहे. त्यामुळे खऱ्या सूचनेवरही लोकांचा विश्वास उरलेला नाही. पोर्ट गॅझेटला वजन होते ते ती जागा ठरलेली होती म्हणून. खरी सूचना कुठे पाहायची हे लोकांना ठाऊक असले की खोटी ओळखता येते.

यावर करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले काहीही खर्चिक नाही. पेटी ऐंशी टक्के भरली की पहिली सूचना आणि नव्वद टक्क्यांवर दुसरी, ही सोय बहुतेक यंत्रणांत असते. ती चालू करावी. सूचना त्याच पेटीत टाकून थांबू नये, मोबाइलवर किंवा दुसऱ्या पत्त्यावरही द्यावी. ती मराठीत असावी, तीत दुवा नसावा, आणि नेहमीच्या ठिकाणी स्वतः जाऊन पाहा एवढेच सांगावे. वैधानिक नोटीस पाठविणाऱ्या प्रत्येक कार्यालयात परत आलेली ई-पत्रे रोज पाहणारा एक कारकून नेमून द्यावा, आणि ‘पेटी भरली’ असा शेरा आला की त्याच आठवड्यात कागदी पत्र जावे. मुदतीची मोजणी पाठविल्याच्या नोंदीवरून करू नये, बजावणीच्या पुराव्यावरून करावी.

वाचकांनीही आपल्या बाजूने एवढे करावे. सरकारला दिलेला ई-मेल पत्ता हा सात-बारावरच्या नावाइतकाच गंभीर समजावा. त्या पेटीत छायाचित्रांचा पसारा साठू देऊ नये, आणि महिन्यातून एकदा उरलेली जागा पाहावी.

खिदिरपूरच्या धक्क्यावर माल अडवून ठेवणारा व्यापारी दिरंगाई करीत असे, यात शंका नाही. तरीही त्याचा माल विकण्यापूर्वी त्याला शोधण्याचे काम कायद्याने बंदरावर टाकले होते. आज जागा यंत्राची आहे, पण ताबेदाराचे कर्तव्य बदललेले नाही. ‘आम्ही पाठविले होते’ या उत्तरावर कोणत्याही कार्यालयाची फाइल बंद होता कामा नये.